उसाची पाळी आणि औषधाची वेळ

गाळपाचा हंगाम सुरू झाला की श्रीपूर परिसरातील उसाच्या प्रत्येक फडाला पाळी लागते. लागवडीची नोंद कारखान्याच्या शेतकी खात्यात आधीच झालेली असते. चिटबॉय बांधावर येऊन जातो, तोडणीची टोळी ठरते, वाहन ठरते आणि ऊस काट्यावर पोहोचतो. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला गेला नाही तर त्याचे वजन घटते आणि साखरेचा उतारा पडतो, हे माळशिरस तालुक्यातील शाळकरी पोरही सांगेल. वेळ चुकली तर माल बिघडतो, हे एकदा मान्य झाल्यावर समाजाने त्या वेळेभोवती केवढी यंत्रणा उभी केली! चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटच्या कारखान्याभोवती हे गाव वाढले. आज तेथे पांडुरंग सहकारी साखर कारखान्याचे गाळप होते. मालक बदलले, पद्धती बदलल्या; पण उसाची पाळी चुकू नये हा दंडक बदलला नाही.

वेळेवर अवलंबून असलेली दुसरी एक गोष्ट याच गावातील काही घरांत आहे. तिच्यासाठी मात्र कोठलीही नोंदवही नाही, चिटबॉय नाही आणि वाहनही नाही. ती गोष्ट म्हणजे कंपवाताच्या, म्हणजेच पार्किन्सन्सच्या रुग्णाचे औषध.

असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. घरातील वडील माणूस, ज्याला सारे 'आबा' म्हणतात, कारखान्यातून निवृत्त झालेला. थोरला मुलगा शेती पाहतो, धाकटा पुण्यात नोकरीस. दोन वर्षांपूर्वी आबांचा उजवा खांदा दुखू लागला. तेल-मालीश झाली, शेक झाला. पुढे चाल मंदावली. ते वयोमानावर गेले. मग एके दिवशी बँकेच्या खिडकीवर त्यांची सही जुळेना. अक्षर बारीक होत होत ओळीच्या शेवटी मुंगीएवढे झाले होते. कारकुनाने तीनदा सही करून घेतली आणि चौथ्यांदा 'मुलाला घेऊन या' म्हणून सांगितले. हाताचा कंप लोकांच्या नजरेस पडू नये म्हणून आबा हात खिशात ठेवू लागले. पुढे देवळात जाणेच बंद झाले. घरच्यांना वाटले, म्हातारा तिरसट झाला. वस्तुतः खांदा, चाल, अक्षर आणि एकलकोंडेपणा ही एकाच आजाराची चार चिन्हे होती. ती एकत्र कोणी वाचली नाहीत, एवढेच.

निदान यंत्राने होत नाही

या आजाराचे पहिले व्यवस्थित वर्णन लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली एका लहानशा पुस्तिकेत केले. त्यांच्यासमोर अवघे सहा रुग्ण होते आणि त्यांतील काहींना तर त्यांनी रस्त्याने जातानाच पाहिले होते. हाताशी प्रयोगशाळा नव्हती, क्ष-किरण नव्हते. होती ती केवळ निरीक्षण करणारी नजर. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे लोटली. तरीही आजाराचे निदान मुख्यतः रुग्णाला चालवून, वळवून, लिहावयास लावून आणि त्याची हकीकत ऐकूनच केले जाते. रक्ताच्या नेहमीच्या तपासण्यांत तो दिसत नाही. मेंदूची प्रतिमा बहुधा काढली जाते ती दुसरा एखादा विकार नाही ना, याची खात्री करण्यासाठी. कंप हे तर याचे एकमेव लक्षणही नव्हे. काही रुग्णांना कंप जवळजवळ नसतोच. हालचालींचा मंदपणा आणि स्नायूंचा ताठरपणा ही अधिक मूलभूत चिन्हे होत. वास न येणे, बद्धकोष्ठ, झोपेत हातपाय झाडणे, मन खचणे या तक्रारी कित्येकदा वर्षानुवर्षे आधीपासून असतात.

यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. 'चांगला उपचार' म्हणजे मोठे यंत्र, अशी जी समजूत गावोगाव रुजली आहे ती या आजारात तरी टिकत नाही. तालुक्याच्या गावी मेंदूच्या तपासणीवर हजारो रुपये खर्चून 'अहवाल निर्दोष' असा कागद घेऊन परतलेले कुटुंब निश्चिंत होते आणि निदान आणखी वर्षभर लांबते. त्याच पैशात एखाद्या मेंदूविकारतज्ज्ञाने अर्धा तास रुग्णाकडे नीट पाहिले असते, तर प्रश्न बहुधा सुटला असता. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञांनी १९६३ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले होते की, वैद्यकसेवेचा बाजार हा भाजीच्या बाजारासारखा नसतो. येथे ग्राहकाला आपण काय विकत घेत आहोत हेच ठाऊक नसते. विकणारा मात्र जाणतो. ज्ञानातील या विषमतेमुळे किंमत आणि गुणवत्ता यांचा संबंध तुटतो. महाग ते चांगले, हा ग्राहकाचा भाबडा आधार येथे हमखास दगा देतो.

आणखी एक धोका ध्यानात घ्यावयास हवा. म्हाताऱ्या माणसाला चक्कर येते, मळमळते, म्हणून ज्या गोळ्या सर्रास दिल्या जातात, त्यांपैकी काही – मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन, फ्लुनारिझिन – मेंदूतील डोपामिनच्या कार्यात अडथळा आणतात. त्यांच्यामुळे कंपवातासारखी लक्षणे निर्माण होऊ शकतात आणि असलेला कंपवात बळावू शकतो. तेव्हा अधिक चांगल्या उपचाराची पहिली पायरी कधीकधी पुण्याच्या रस्त्यावर नसते, तर घरातील फडताळात असते. रुग्ण घेत असलेल्या एकूणएक गोळ्यांची यादी करून ती डॉक्टरांपुढे ठेवणे, ही ती पायरी होय.

घड्याळाशी बांधलेला उपचार

मेंदूच्या खोल भागातील काही पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात. त्या पेशी झिजू लागल्या की हालचालींवरील ताबा सुटत जातो. डोपामिनचे हे महत्त्व स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले. त्यासाठी त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९६० च्या सुमारास व्हिएन्नाच्या ओलेह हॉर्निकिविच यांनी कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत या रसायनाची उणीव असल्याचे सिद्ध केले. १९६७ साली जॉर्ज कोट्झियास यांनी लेव्होडोपा हे औषध वाढत्या मात्रेने देऊन रुग्णांत लक्षणीय सुधारणा घडविली. अर्धशतकाहून अधिक काळ लोटला तरी लेव्होडोपा हेच या उपचाराचे मुख्य साधन आहे. कार्बिडोपाच्या जोडीने ते दिले जाते.

या इतिहासात भारताचेही एक पान आहे. आयुर्वेदात कंपवाताचे वर्णन आहे आणि खाजकुयलीच्या, म्हणजे कवचबीजाच्या, बियांचा उपयोगही सांगितलेला आहे. दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी १९३७ साली याच बियांतून लेव्होडोपा वेगळे केले. मात्र यावरून बाजारातील चूर्ण आणून ते गोळ्यांच्या जोडीला सुरू करावे, असा अर्थ कोणी काढू नये. चूर्णातील द्रव्याचे प्रमाण बदलते असते; डॉक्टरांना न सांगता दोन्ही घेतल्यास मात्रा वाढून अपाय होण्याचा संभव असतो.

औषध आजार बरा करीत नाही. ते हालचाल परत देते, आणि तीही ठरावीक तासांपुरती. आजार जुना होत गेला की एका गोळीचा परिणाम दुसरीच्या वेळेपर्यंत टिकत नाही. आबा सकाळी आठला चालते-बोलते असतात आणि अकराला खुर्चीतून उठू शकत नाहीत. शेजाऱ्यांना ते ढोंग वाटते. खरे पाहता तो औषधाचा उतार असतो. म्हणूनच गोळी 'सकाळ-दुपार-संध्याकाळ' अशी मोघम न घेता घड्याळाच्या ठोक्याला घ्यावी लागते. प्रथिनयुक्त जेवणाने औषधाचे शोषण मंदावते, म्हणून ती सामान्यतः जेवणापूर्वी अर्धा तास घेण्यास सांगतात. ती एकाएकी बंद करणे तर घातक ठरू शकते. गावात गोळी संपली, दुकानदार म्हणाला 'चार दिवसांनी येईल', आणि घरच्यांनी चार दिवस वाट पाहिली. एवढ्यानेही माणूस अंथरुणाला खिळू शकतो. उसाची पाळी चुकली तर उतारा पडतो. येथे पाळी चुकली तर माणूस पडतो.

खर्च कोठे होतो?

लेव्होडोपा-कार्बिडोपा ही जोडगोळी राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. त्यामुळे तिची कमाल किंमत सरकारी नियंत्रणाखाली येते. याचा अर्थ मूळ औषध मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेरचे नाही. मग कुटुंबे खचतात ती कशाने?

श्रीपूरहून सोलापूर सुमारे शंभर किलोमीटर आहे आणि पुणे त्याहून कितीतरी दूर. मेंदूविकारतज्ज्ञ बहुतांशी अशाच शहरांत. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्य परिवहनाच्या गाडीतून २०२२ पासून विनामूल्य प्रवास आहे; ६५ ते ७५ या वयोगटास अर्धे तिकीट आहे. सवलत स्तुत्य आहे. पण ज्याचे पाऊल सपाट जमिनीवर अडखळते त्याला गाडीची उंच पायरी चढवणार कोण? त्यासाठी सोबत माणूस हवा. त्या माणसाची दिवसभराची मजुरी किंवा रजा बुडते. वेळेवर औषध नाही, वाटेत स्वच्छतागृह नाही, म्हणून अखेर खासगी गाडी ठरवावी लागते. अर्थशास्त्रात ज्याला संधित्यागाची किंमत म्हणतात, ती येथे औषधाच्या किमतीच्या कैक पटींनी भरते आणि ती कोणत्याही पावतीवर येत नाही.

शासकीय योजनांची रचनाही या आजाराच्या स्वभावाशी जुळत नाही. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. पुढे केंद्राची आयुष्मान भारत योजना आली आणि २०२४ मध्ये सत्तरी गाठलेल्या सर्व नागरिकांना तिचे दार उघडले गेले. या योजनांनी अनेक घरे कर्जातून वाचविली, हे नि:संशय. तथापि, त्यांचा रोख आहे तो रुग्णालयातील भरतीवर आणि शस्त्रक्रियेवर. कंपवाताचा खर्च मात्र थेंबाथेंबाने होतो: रोजच्या गोळ्या, दर काही महिन्यांची तपासणी, व्यायामोपचार, घरातील बदल. पडून मांडीचे हाड मोडले तर योजना धावून येते. पडू नये म्हणून जे करावयाचे त्याला ती विचारीत नाही. याला विमा म्हणता येईल. आरोग्यनीती म्हणता येणार नाही.

ज्याचे निवृत्तिवेतन कामगारांच्या १९९५ च्या योजनेतील आहे, त्याची स्थिती तर सांगावयास नको. त्या योजनेतील किमान रक्कम २०१४ साली दरमहा १००० रुपये ठरविण्यात आली. पुण्याच्या एका खेपेला तेवढी पुरत नाही.

अधिक चांगले म्हणजे काय?

अशा परिस्थितीत पुण्यातील धाकटा मुलगा म्हणतो, 'आबा, माझ्याकडे चला. येथे मोठमोठे डॉक्टर आहेत.' थोरला म्हणतो, 'इथंच बरं चाललंय. उगाच कशाला हाल?' दोघांच्याही बोलण्यात माया असते आणि दोघांच्याही बोलण्यात थोडी अपराधाची भावना असते. आबांना काय वाटते, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. बोलणे हळू झाले, चेहऱ्यावरचे भाव थिजले, की माणसाची बुद्धीही मंदावली असे गृहीत धरले जाते. हा समज अन्यायाचा आहे. काही रुग्णांची स्मृती पुढे क्षीण होते, हे खरे. परंतु थिजलेला चेहरा हा विझलेल्या मनाचा पुरावा नव्हे. प्रश्न विचारावा आणि उत्तरासाठी थांबावे, एवढी सभ्यता घरातूनच सुरू व्हावयास हवी.

दोन्ही भावांच्या म्हणण्यात अर्धे-अर्धे सत्य आहे. हालचालींच्या विकारांत अनुभवी असलेल्या तज्ज्ञाकडून निदान एकदा पक्के करून घेणे आवश्यक आहे. त्यासाठी सोलापूर, पुणे वा मुंबई गाठावीच लागेल. परंतु त्यानंतरचा दैनंदिन उपचार गावाशेजारच्या डॉक्टरामार्फत चालू शकतो, जर दोन डॉक्टरांमध्ये कागदाचा दुवा असेल तर. तो दुवा कुटुंबानेच तयार करावयाचा असतो. आठवडाभराची एक वही ठेवावी: गोळी किती वाजता घेतली, केव्हा उतरली, केव्हा जेवण झाले, कितीदा तोल गेला, झोप कशी लागली. चालण्याचे मिनिटभराचे चलत्चित्र मोबाइलवर घ्यावे, एक औषध चढलेले असताना आणि एक उतरलेले असताना. दहा मिनिटांच्या भेटीत तज्ज्ञाला ही वही जे सांगेल ते गोंधळलेले नातेवाईक सांगू शकणार नाहीत. २०२० साली दूरवैद्यकाचे नियम ठरले आणि ई-संजीवनीसारखी शासकीय सेवाही उपलब्ध झाली. पहिल्या निदानासाठी ती पुरेशी नाही. पण मात्रेतील फेरफारासाठी दर खेपेस दोनशे मैलांची यात्रा टळू शकेल.

मेंदूत विद्युत्-अग्रे बसविण्याच्या शस्त्रक्रियेविषयी कुटुंबे मोठ्या आशेने विचारतात. निवडक रुग्णांना तिचा लाभ होतो. विशेषतः लेव्होडोपाने ज्यांना स्पष्ट गुण येतो पण परिणाम टिकत नाही, अशांना. ती आजार नाहीसा करीत नाही आणि खर्च तर लाखांच्या घरात जातो. शेत विकून ती करावी की नाही, हा निर्णय एकाच सल्ल्यावर सोपवू नये. याउलट नियमित व्यायाम, तालावर पावले टाकणे, मोठ्याने वाचणे यांना फारसा पैसा लागत नाही आणि त्यांचा उपयोग होतो. मुंबईत २००१ साली स्थापन झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ यांनी रुग्णांना एकत्र आणण्याचे जे काम चालविले आहे, त्याचे मोल यासाठीच अधिक. हात खिशात लपविणारा माणूस तसाच दुसरा हात पाहिला की आपला हात बाहेर काढतो.

कायदा आहे, वाट हवी

ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासंबंधीचा २००७ चा कायदा मुलांना कोर्टात खेचण्यासाठीच आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. त्याच कायद्याच्या विसाव्या कलमाने राज्य शासनावरही कर्तव्ये टाकलेली आहेत: सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी वेगळी रांग, आणि दीर्घकालीन व ऱ्हासकारी आजारांवरील उपचारांच्या सोयींचा विस्तार. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत पार्किन्सन्सचा समावेश आहे. किमान चाळीस टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यास त्यावर आधारित सवलतींचा दावा करता येतो. जुनी करपद्धती निवडणाऱ्या पगारदार मुलांना वडिलांच्या या उपचारखर्चावर प्राप्तिकरात वजावटही आहे. शिक्षक आणि कारकून यांच्यापैकी किती जणांनी ती मागितली असेल?

यापुढची पायरी फार खर्चाची नाही. अकलूज आणि पंढरपूर येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. सोलापुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. महाविद्यालयातील तज्ज्ञाने महिन्यातील एक ठरलेला दिवस या रुग्णालयांत बसावे, एवढीच मागणी आहे. शंभर रुग्ण आणि त्यांचे शंभर सोबती शंभर किलोमीटर जाण्यापेक्षा एक डॉक्टर शंभर किलोमीटर येणे स्वस्त, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. आषाढीच्या वारीत याच तालुक्यातून पालख्या जातात, तेव्हा आरोग्य खाते वाटेवर दवाखाने उभे करते आणि लाखोंची सोय होते. म्हणजे यंत्रणा रुग्णापर्यंत जाऊ शकते. प्रश्न तो काही दिवसांचा उत्सव आहे की बारमाही व्यवस्था, एवढाच आहे.

आणि सहकाराने यात मागे का राहावे? सोलापुरात सहकारी तत्त्वावर रुग्णालय चालू शकते, हे अश्विनी रुग्णालयाने दाखविले आहे. ज्या कारखान्याकडे प्रत्येक सभासदाच्या उसाची तारीखवार नोंद आहे, त्याला आपल्या निवृत्त कामगारांपैकी कोणाला कोणते औषध नित्य लागते, याची एक वही ठेवणे अवघड नाही. गावच्या औषधदुकानात महिनाभराचा साठा राहावा आणि महिन्यातून एकदा एक गाडी अकलूजला जावी, इतके जरी झाले तरी कित्येक घरांचा भार हलका होईल.

या भाराचा मोठा हिस्सा घरातील स्त्रीच्या डोक्यावर असतो, हे विसरून चालणार नाही. रात्री तीनदा उठून कूस बदलून देणारी पत्नी, गोळीच्या वेळा तोंडपाठ असलेली सून, यांचे श्रम राष्ट्रीय उत्पन्नात मोजले जात नाहीत आणि बहुतेक घरांतही मोजले जात नाहीत. 'वडिलांसाठी अधिक चांगला उपचार' शोधणाऱ्या मुलाने तो शोध पुण्याच्या रुग्णालयांच्या यादीपासून सुरू न करता, ज्या बाईला या आजाराचे सर्वाधिक ज्ञान आहे, तिच्यापासून सुरू करावा. आबा केव्हा चालतात आणि केव्हा थिजतात, हे तिला कोणत्याही तज्ज्ञापेक्षा आधी कळते.

बँकेतील कारकुनाने चौथ्यांदा सही मागितली तेव्हा त्याच्या हातात नकळत एक निदान होते. अक्षर बारीक का झाले, एवढा प्रश्न जरी त्याने मुलाला विचारला असता तरी आबांचे एक वर्ष वाचले असते. अशी वर्षे वाचविण्यास मोठ्या रुग्णालयाइतकीच पाहणाऱ्या डोळ्यांची गरज आहे. उसाच्या पाळीवर लक्ष ठेवणाऱ्या गावात असे डोळे पुष्कळ आहेत. त्यांना दुसरीकडेही पाहावयास लावले पाहिजे.